माळ, वणवा आणि माणूस
सोलापूर जिल्ह्यातील रानाच्या घडणीविषयी शिक्षकांसाठी पाठटिपण

जुलै महिन्याचा पहिला सप्ताह जवळ आला की जिल्ह्यातील शाळाशाळांतून वनमहोत्सवाची लगबग सुरू होते. तत्कालीन केंद्रीय अन्न व शेती मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली या उपक्रमास देशव्यापी रूप दिले, तेव्हापासून खड्डे खणणे, रोपे लावणे आणि वृक्षांचे महत्त्व सांगणे हा शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचाच भाग होऊन बसला आहे. या प्रसंगी मुलांना बहुधा एक कथा सांगितली जाते. पूर्वी येथे घनदाट अरण्य होते. माणसाने कुऱ्हाड चालविली. अरण्य गेले, अरण्याबरोबर पाऊस गेला आणि उघडा माळ तेवढा मागे उरला. कथा सोपी आहे, मुलांच्या मनावर ठसते, आणि कोकणातील किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरील कित्येक ठिकाणी ती बऱ्याच अंशी खरीही आहे. सोलापूरच्या माळाला मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. येथील माळ हा मेलेल्या अरण्याचा सांगाडा नव्हे. तो एक स्वतंत्र प्रकारचे रान आहे. पाऊस, आग, जनावरांची खुरे आणि माणसाचा हात या चौघांनी मिळून हजारो वर्षांत त्याला आजचे रूप दिले आहे. शिक्षकांनी हा पाठ घेताना ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी.

आपल्या भाषेतच याचा एक दाखला आहे. सोलापूरकडचा शेतकरी शेतावर निघाला म्हणजे ‘रानात चाललो’ असे म्हणतो. रान म्हणजे केवळ झाडांची दाटी नव्हे, तर गावाबाहेरचा सारा मोकळा भाग. ‘जंगल’ हा शब्द ज्या संस्कृत ‘जांगल’ शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ तर याहून नवलाचा आहे. चरकसंहितेत देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील जांगल देश म्हणजे मोकळ्या आकाशाचा, कोरड्या वाऱ्याचा, खैर-बोरीसारखी झाडे व हरणे असलेला प्रदेश; पाणथळ व दाट झाडीचा तो आनूप. शब्दाचा अर्थ पुढे अगदी उलट फिरला आणि आज मुलाला ‘जंगल’ म्हटले की अंधारी झाडी आठवते. चरकाच्या अर्थाने पाहिले तर सोलापूर जिल्हा हा अस्सल जांगल देश ठरेल!

आता पावसाकडे पाहू. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून काहीशे किलोमीटर पूर्वेस असलेल्या सोलापूरच्या वाट्याला सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर येतो. हा पाऊसही बेभरवशाचा असून त्याचा भर सप्टेंबर महिन्यात असतो. जून-जुलैत जमीन नुसती ओलावते व पुन्हा वाळते. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत चार महिने ऊन तापते. अशा हवामानात उंच झाडांचे सलग छप्पर उभे राहणे कठीण आहे. त्यात जमिनीचाही प्रश्न आहे. भीमा, सीना, माण या नद्यांच्या काठची काळी जमीन पुरुषभर खोल असते. परंतु दोन नद्यांमधील उंचवट्यावर वीतभर मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा फत्तर लागतो. गावातील एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीची कड मुलांना सुरक्षित अंतरावरून दाखविली, तर हे थर पुस्तकाशिवाय समजतात. मुळांना जेथे खाली जाता येत नाही तेथे गवत झाडावर मात करते, कारण वरच्या वीतभर मातीतील ओल शोषून घेण्यात गवताचा हात धरणारे दुसरे कोणी नाही.

हे असेच पूर्वीपासून होते, हे कशावरून म्हणावे? अशा प्रश्नाचे उत्तर गाळात सापडते. तळ्याच्या व समुद्राच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो आणि त्यात त्या काळचे परागकण, पानांवरील मेणाचे अंश, जळलेल्या काडीकचऱ्याचा कोळसा हे सारे साठून राहते. गोदावरीने बंगालच्या उपसागरात नेऊन टाकलेल्या गाळाचा अभ्यास झाला आहे. त्यावरून असे दिसते की, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून दख्खनमध्ये कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातील गाळही त्याच सुमाराच्या दीर्घ अवर्षणाची साक्ष देतो. उष्ण प्रदेशातील गवतांचा जगभर प्रसार त्याच्याही फार पूर्वीचा, सुमारे ऐंशी ते साठ लाख वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा मनुष्यप्राणी, त्याची कुऱ्हाड तर दूरच, पृथ्वीच्या पाठीवर अवतरलाही नव्हता.

याच भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती. ते धान्य पिकवीत, गाई-शेळ्या पाळीत आणि शिकारही करीत. वस्तीच्या शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती मंदावली आणि लोक जनावरांच्या मागे हिंडू लागले. पाऊसमान घटल्यामुळे हे घडले असावे, असे प्रा. म. के. ढवळीकर यांनी मांडले. तीन हजार वर्षांपूर्वीही या मुलखात अवर्षण आले की नांगर बाजूला पडत असे व मेंढी-शेळी माणसाला तारीत असे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतरच्या काळासाठी आणखी एक साधन हाताशी आहे, आणि मराठी शिकविणाऱ्याला ते विशेष जवळचे वाटेल. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, कथा व काव्ये चाळून त्यांत पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्या रानझाडांचे उल्लेख येतात ते पाहिले व २०२५ साली त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. त्या उल्लेखांतील बहुसंख्य झाडे मोकळ्या माळरानावरचीच निघाली. म्हणजे निदान साडेसातशे वर्षे तरी माळ हा माळच आहे. जात्यावर दळताना बाईने ओवीत जे झाड गुंफले ते विज्ञानाच्या उपयोगी पडावे, याहून चांगला भाषेचा पाठ कोणता असेल!

आता आगीविषयी. वणवा हा शब्द उच्चारताच नाश डोळ्यांपुढे येतो, आणि वसंत ऋतूत डोंगर पेटलेला पाहिला म्हणजे तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु गवताची व झाडाची आगीशी असलेली नाती भिन्न आहेत. झाडाचे वाढते कोंब उंच, फांदीच्या टोकाशी असतात. गवताचे जमिनीलगत किंवा जमिनीखाली. माळावरची आग वाळलेली पाती खाऊन काही क्षणांत पुढे सरकते. ज्वाळा कंबरभर असल्या तरी दोन-तीन बोटे खोल मातीत तिची धग फारशी पोहोचत नाही. त्यामुळे पाऊस पडताच गवत पुन्हा फुटते. झाडाचे कोवळे रोप मात्र करपून जाते. ज्या झाडांना माळावर राहावयाचे आहे त्यांनी यावर आपापले उपाय शोधले आहेत. पळसाची साल जाड असते, आणि खोड जळाले तरी बुंध्यातून नवे धुमारे येतात. बोर आणि तरवड यांचेही तसेच. कुसळी गवताचा उपाय तर मुलांना थक्क करून सोडील असा आहे; त्याचा प्रयोग पुढे दिला आहे.

इंग्रजी अमदानीत १८६४ साली डिट्रिच ब्रँडिस या जर्मन शास्त्रज्ञाची हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. युरोपातील थंड, ओल्या अरण्यांत शिकलेल्या त्या पिढीच्या वनाधिकाऱ्यांना आग ही सरसकट शत्रू वाटे. त्यांनी जाळरेषा काढल्या, पहारे ठेवले, वणवा लावणाऱ्या गुराख्यांना दंड केले. लवकरच काही ठिकाणी विलक्षण अनुभव आला. उत्तरेकडील ओलसर सालवनांत आग थांबताच खाली झुडुपे व वेली माजल्या आणि सालाची रोपेच उगवेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील वनाधिकाऱ्यांनाच ठरवून आग लावणे पुन्हा सुरू करावे लागले. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून जमिनीचे तुकडे आखून काही दरवर्षी, काही दोन-तीन वर्षांनी जाळले जातात व काही मुळीच जाळले जात नाहीत. न जाळलेल्या तुकड्यांत झाडोरा वाढला. परंतु हा फरक जास्त पावसाच्या भागात ठळक दिसला आणि कोरड्या भागात थोडाच. यावरून कळते की आगीचे काम पावसाच्या मापाने ठरते. सोलापूरसारख्या ठिकाणी झाडांना आवर घालण्याचे मुख्य काम अवर्षण व पातळ जमीन करतात. आग त्यांना हात देते.

म्हणून आग ही माळाला हितकर, असा उलट निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे होईल. आग केव्हा लागते आणि किती वर्षांनी लागते, यावर सारे अवलंबून असते. नवे लुसलुशीत गवत यावे म्हणून गुराखी जुने वाळके गवत जाळतात. दरसाल एकाच जागी असे झाले की चांगल्या चाऱ्याची गवते दुबळी होतात व कुसळीसारखी आग सोसणारी गवते माजतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत लागलेली आग तर घरट्यासकट सारे नेते. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा शिक्षकांनी हा विषय शिकविताना प्रात्यक्षिक म्हणून काडीदेखील पेटवू नये, हे निराळे सांगावयास नको.

खुरांचे कामही आगीसारखेच दुहेरी आहे. धनगर पावसाळा संपला की मेंढरे घेऊन वाटेला लागतो, शेतकऱ्याच्या शेतात मेंढरे बसवून खत देतो आणि पुढे सरकतो. मेंढ्या-शेळ्या बाभळीच्या व हिवराच्या शेंगा खातात. बी पोटातून जाऊन लेंडीबरोबर पडते व रुजते. बांधावरच्या कित्येक बाभळी अशा कोणी न लावता लागलेल्या असतात. कळप हिंडता असतो तोवर गवताला सावरण्यास अवधी मिळतो. वाटा बंद झाल्या, गायराने आकसली आणि तीच जनावरे वर्षभर त्याच तुकड्यावर चरू लागली की प्रथम मारवेल व पवन्या नाहीसे होतात, मग कुसळी उरते, आणि शेवटी जनावरे तोंड लावीत नाहीत तो तरवड.

दुष्काळाने या गोष्टी वारंवार घडविल्या. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचा सोलापूर जिल्ह्याला जबर तडाखा बसला, आणि १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची व पाझर तलावांची कामे गावोगावच्या वृद्धांना आजही आठवतात. अशा वर्षी जनावर जगविण्यासाठी झाडांचा पाला ओरबाडला जातो व गवताची मुळेही खरवडली जातात. परंतु माळाचे सर्वांत मोठे रूपांतर दुष्काळाने नव्हे, पाण्याने केले आहे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, कालवे निघाले, पुढे विंधनविहिरी आल्या. ज्या माळावर पूर्वी मटकी-हुलगाही जेमतेम येई तेथे ऊस, डाळिंब व द्राक्षे उभी राहिली. यात शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोरडी भाकरी खाल्लेल्या माणसाने पाणी आल्यावर ऊस लावू नये, असे सांगण्याचा अधिकार कोणाला? मात्र जे नांगराखाली गेले ते काय होते, हे तरी त्याच्या मुलांना ठाऊक असावे.

याचे उत्तर नान्नज येथे मिळते. सोलापूर-बार्शी रस्त्यावरील या गावाचा माळ माळढोक पक्ष्यामुळे देशभर प्रसिद्ध झाला. १९७९ साली सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आल्याने लोकांना अडचणी झाल्या व पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर एवढे ठरविण्यात आले. माळढोक सुमारे एक मीटर उंच असतो, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्याला चोहीकडे मोकळी नजर लागते. दाट झाडी हे त्याचे घर नव्हेच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात येथे या पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला. घरट्यासाठी राखलेले गवत, चरण्यासाठी आखूड गवत व शेजारची ज्वारी-हरभऱ्याची जिराईत शेते, असा मिळून त्याचा संसार चालतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याच सुमारास एक दुर्दैवी गोष्ट घडत होती. उघडा माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक जमीन म्हणजे झाडे लावण्याची जागा, या समजुतीने माळढोकाच्या मुलखातही गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांची लागवड करण्यात आली. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतील. त्याच्या सावलीत माळाचे गवत हटले आणि पक्ष्याची नजर अडली. हेतू वाईट नव्हता. जमीन ओळखण्यात गफलत झाली. आज सबंध देशात माळढोक सुमारे दीडशेच उरले आहेत, त्यांतील बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसणे ही दुर्मिळ गोष्ट झाली आहे. लागवड हे त्याचे एकमेव कारण नव्हे. नांगराखाली गेलेली जमीन, वीजवाहक तारा, शिकार ही कारणेही आहेतच. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल हे माळाचे इतर रहिवासी अजून टिकून आहेत.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर. त्यापैकी वनाच्छादन उपग्रहाच्या मोजणीत एक टक्क्याच्याही आत भरते. हा आकडा वाचून शिक्षकांनी मुलांसमोर खेद व्यक्त करण्यापूर्वी मोजणी कशी होते ते पाहावे. झाडांच्या माथ्यांनी दहा टक्क्यांहून अधिक जमीन झाकली असेल तरच ती वन म्हणून धरली जाते. गवताला तेथे शून्य गुण! वस्तुतः चांगल्या माळाची बरीचशी संपत्ती जमिनीखाली, मुळांत व मातीत असते, आणि वणवा आला तरी ती जळत नाही.

मग झाडे लावूच नयेत काय? अवश्य लावावीत, पण जागा पाहून. शाळेचे अंगण, गावठाण, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ येथे वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, चिंच यांना खुशाल स्थान द्यावे. ओढ्याकाठची जुनी झाडी तर माणसानेच तोडली आहे; ती पुन्हा उभी करणे हे खरे वनमहोत्सवाचे काम. गायरानात खड्डा घेण्यापूर्वी मात्र कुदळ एकदा मारून पाहावी. वीतभरावर मुरूम लागला व वर गवताची जाड सड असली, तर ती जागा गवतालाच राहू द्यावी.

वर्गासाठी काही कामे सुचविता येतील. इयत्ता तिसरी-चौथीच्या मुलांकडून झाडांवरून पडलेली गावांची नावे गोळा करावीत. उत्तर सोलापुरातील वडाळा, माढ्यातील पिंपळनेर व खैराव, पंढरपुरातील बाभुळगाव व पळशी, माळशिरसातील जांभूड अशी नावे मुले आपण होऊन सांगतील. मग यांतील पाण्याच्या आश्रयाची झाडे कोणती व माळावरची कोणती, असे विचारावे आणि नकाशावर नदी, ओढा किती जवळ आहे ते पाहावे. प्रत्येक नाव झाडावरूनच पडले असेल असे नाही. तशी शंका एखाद्या मुलाने काढली तर ती उत्तम समजावी.

कुसळीचा प्रयोग दिवाळीनंतर, कुसळे पिकली की करावा. प्रत्येक दाण्याला पिळदार लांब शेपूट असते. कोरडे असता त्याचा पीळ घट्ट होतो, ओले होताच पीळ उलगडू लागतो. बशीत ओलसर माती घेऊन दाणा टोकाने उभा टोचावा व शेपटीवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. शेपूट डोळ्यांदेखत गोल फिरू लागते. रात्रीच्या दवाने उलगडावे, दिवसाच्या उन्हाने पुन्हा पिळावे, असे करीत दाणा गिरमिटासारखा मातीत शिरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात वणवा वरून निघून जातो तेव्हा तो खाली सुरक्षित असतो. मेंढरांच्या लोकरीत व मुलांच्या पायमोज्यांत शिरणारे कुसळ ते हेच.

वरच्या वर्गांसाठी याहून सावकाश काम आहे. गायरानात ग्रामपंचायतीच्या संमतीने दोन मीटर लांब-रुंद असे दोन तुकडे शेजारी शेजारी आखावेत. एकाला काट्यांचे कुंपण घालावे, दुसरा उघडा ठेवावा. पावसाळ्याच्या अखेरीस व मार्चमध्ये दोन्हींतील गवतांचे प्रकार, सर्वांत उंच काडीची उंची आणि उगवलेली झाडांची रोपे मोजून एकाच वहीत लिहावीत. एका वर्षात फारसे काही दिसणार नाही. वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी, आणि शिक्षकाची बदली झाल्यास येणाऱ्या शिक्षकाच्या. त्याच वहीच्या मागील पानांवर मुलांनी घरच्या आजी-आजोबांना विचारून चार गोष्टी नोंदवाव्यात. गावचा माळ कोणत्या साली प्रथम नांगरला, पूर्वी वणवा कोणत्या महिन्यात लागे व कोण लावी, धनगरांचे कळप कोणत्या वाटेने येत, आणि माळढोक शेवटचा कोणी, कोठे पाहिला.